रामटेके काकांचं रविवारचं मशीन

भांडं उलटं केलं तेव्हा आधी पाणी पडलं. मग बुडाशी घालतात ते चार-पाच मुठी गोटे पडले. मग काहीच पडलं नाही.

माझे प्लंबर युनूसभाई यांनी भांड्याच्या बुडावर दोन थापा मारल्या, हॉटेलात सॉसच्या बाटलीला मारतात तशा. मग तोंडाला डोळा लावून आत पाहिलं.

"खाली है, प्रकाशभाई."

"नीट पाहा."

"और कितना नीट पाहू? अंदर जाके बैठू क्या?"

मी मोबाइलचा टॉर्च लावून स्वतः पाहिलं. माझ्या छातीपर्यंत येणारं ते निळं फायबरचं भांडं. त्यात अर्ध्याच्या वर माल भरलेला असायला हवा. आत एक दाणा नव्हता. आम्ही दोघं अंगणात एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. कारण या भांड्याला गेली कित्येक वर्षं दर रविवारी, न चुकता, सकाळपासून दुपारपर्यंत मीठ घालून, धुऊन, पुसून चालवणारा माणूस घरातच होता. रामटेके काका. आम्ही भांडं आडवं केलं त्याच क्षणी ते म्हणाले होते, "थांबा गा, मी चहा ठेवतो," आणि आत गेले होते.

काकांनी आयुष्यात कधी चहा ठेवल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण त्या क्षणी मला तेही खटकलं नाही. मी पाण्याच्या धंद्यातला माणूस आहे, चहाच्या नाही.

आता थोडं मागे जाऊ.

माझं काम वॉटर सॉफ्टनरचं. सुरुवातीला कळमेश्वरच्या एका कारखान्यात बॉयलरच्या पाण्याचं पाहायचो, मग स्वतःचं दुकान टाकलं लकडगंजच्या बाजूला. पार्टीत कोणी विचारलं काय करता, आणि मी सॉफ्टनर म्हटलं, की लोकांना वाटतं कपड्यात टाकायचं ते निळं औषध. म्हणून सांगतो. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. त्यानेच गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, नळाच्या तोटीला दाढी येते, साबणाचा फेस होत नाही आणि केस झाडूसारखे होतात. सॉफ्टनरच्या भांड्यात रेझिन नावाचे बारीक, सोनेरी, मोहरीएवढे दाणे असतात. पाणी त्यांच्यातून गेलं की ते दाणे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतात. काही दिवसांनी दाणे थकतात. मग त्यांना मिठाच्या पाण्याने आंघोळ घालायची, की पुन्हा कामाला तयार. याला रीजनरेशन म्हणतात. जुन्या मशीनला हे हाताने करावं लागतं. वर एक मूठवाला व्हॉल्व्ह असतो, तो फिरवायचा. आधी बॅकवॉश, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून दाणे धुवायचे. मग मीठ. मग पुन्हा धुणं. नीट केलं तर दीडेक तासाचं काम.

रामटेके काकांना अर्धा दिवस लागायचा.

काका वीज खात्यातून रिटायर झालेले. मानेवाड्याच्या पुढे एका लेआउटमध्ये घर, मागे अंगण, अंगणात बोअर, बोअरशेजारी सॉफ्टनर. ते मशीन मी बसवलेलं नव्हतं. ज्याने बसवलं तो धंदा सोडून कधीच रायपूरला गेला. मी फक्त अधूनमधून मिठाची बोरी पोचवायचो, आणि एक-दोनदा रविवारी पोचवल्यामुळे तो सोहळा पाहिला होता. काका डोक्याला दुपट्टा बांधायचे. पायात गमबूट. हातात पान्हा, ज्याची या कामात काहीही गरज नसते. मग व्हॉल्व्हची मूठ फिरवून पूर्ण घराला ऐकू जाईल असं म्हणायचे, "बॅकवॉश चालू. कोणी आवाज देऊ नका." आणि एका खुर्चीवर बसून पाइपातून वाहणाऱ्या पाण्याकडे असे पाहायचे, जणू धरणाचे दरवाजे त्यांच्या सहीने उघडलेत. मिठाच्या वेळेला पाइप नालीत, बाकी वेळेला गुलाबाच्या कुंड्यांत. गुलाब मात्र पाहण्यासारखे होते. कुंड्यांतल्या मातीत सोनेरी बारीक दाणे चमकायचे. मला वाटलं खत असेल.

त्याच अंगणाच्या दुसऱ्या टोकाला काकूंची चूल होती.

काकू म्हणजे त्या भागात एक मोठं नाव. त्या लांब रोटीच्या ऑर्डरी घेतात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, त्याची सैल कणीक. ती आपटून आपटून तिला तार आणायची. मग गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत असा पसरवायचा की तो कोपरापर्यंत उतरतो, ओढणीसारखा, आणि तसाच उचलून चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर टाकायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. ती रोटी मटणाच्या रश्श्यासोबत खाल्ली की माणूस नागपूर सोडून जायचा विचार बदलतो. काकूंची रोटी धरून पलीकडचा माणूस ओळखता यायचा. बायका त्यांच्या हातांकडे पाहायला यायच्या. आणि ऑर्डरी बहुधा रविवारच्याच असायच्या.

मशीन बदलायचं सुनेने ठरवलं. सून श्वेता पुण्याची, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. तिने मला फोन केला तो तक्रारीचा नव्हता, सादरीकरण होतं. तिच्याकडे कंगव्याचे फोटो होते. लग्नाच्या वेळचा कंगवा, सहा महिन्यांनंतरचा कंगवा, आजचा कंगवा.

"काका, घरात सॉफ्टनर असताना माझे केस असे का गळतायत?"

मी माझी टेस्ट किट घेऊन गेलो. यात काही जादू नाही. पाण्यात एक थेंब टाकला की जड पाणी लाल होतं आणि मऊ पाणी निळं. मशीनच्या आधीचं पाणी घेतलं, लाल. मशीनच्या नंतरचं घेतलं, तितकंच लाल.

"रेझिन गेलं आहे," मी म्हटलं. मला म्हणायचं होतं की थकलं आहे. ते खरंच गेलं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

काका मशीनसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"काहून बदलता गा? चालून राहिलं ना."

"काका, पाणी लाल आलं."

"तुझं औषध जुनं असन."

"बाबा, माझे केस बघा," श्वेता म्हणाली.

"माझे पाहा ना," काका म्हणाले आणि दुपट्टा काढून टक्कल दाखवलं. "याच पाण्याने धुतो. काही तक्रार आहे का?"

"अहो पण राहिलंय काय तिथे तक्रार करायला," श्वेता म्हणाली, आणि मला हसू आवरायला व्हॉल्व्ह तपासल्याचं नाटक करावं लागलं.

मी नव्या मशीनची माहिती दिली. माझा हा आवडता भाग असतो, मी जरा हातवारे करून सांगतो. ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह. वर छोटा स्क्रीन. किती पाणी गेलं हे तेच मोजतं. वेळ झाली की तेच बॅकवॉश करतं, तेच मीठ ओढतं, तेच धुतं. "तुम्ही फक्त मीठ भरून ठेवायचं. बाकी काही नाही."

काकांचा चेहरा उतरला. "स्वतःच करते?"

"स्वतःच."

"मंग मी काय करू?"

"आराम करा काका. रविवार मोकळा."

एवढा वेळ काकू दारात पीठ चाळत बसल्या होत्या. त्यांनी चाळणी थांबवली. "म्हणजे रविवारी याच्यापाशी कोणीच लागत नाही?"

"कोणीच नाही काकू."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी काकूंकडे पाहिलं. मग काकू म्हणाल्या, "बरं." इतकं थंड 'बरं' मी क्वचित ऐकलं आहे. मला वाटलं, जुन्या वस्तूचा लळा. या धंद्यात सगळ्या भावना मी लळा या खात्यात टाकतो, म्हणजे पुढे काम करता येतं.

तर अशा रीतीने तो दिवस आला, आणि आम्ही भांडं उलटं केलं.

"ऊपर की जाली टूटी है," युनूसभाईंनी व्हॉल्व्ह उचलून दाखवला. खरंच. वर एक प्लास्टिकची जाळी असते, बॅकवॉशच्या वेळी पाणी जावं आणि दाणे अडावेत म्हणून. ती फाटली होती. म्हणजे दर रविवारी, दुपट्टा बांधून, घोषणा करून, काका थोडे थोडे दाणे बाहेर सोडत होते. मग एका रविवारी शेवटचा दाणा गेला. त्यानंतर ते रिकाम्या भांड्याला मीठ घालत राहिले.

"बता दू क्या चाचा को?" युनूसभाई म्हणाले.

मी आत पाहिलं. काका दोन्ही हातांत कप घेऊन जपून येत होते. रिटायर झाल्यापासूनचे रविवार या माणसाने त्या भांड्यासमोर घालवले होते.

"गोटे परत आत टाका," मी म्हटलं, "आणि तोंड बंद करा. भांड्याचं आणि तुमचं."

काकांनी चहा दिला. त्यात साखर नव्हती, दूधही जवळजवळ नव्हतं. त्यांनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय निघालं आतून?"

"जुनंच सगळं," मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

जुनं भांडं कोपऱ्यात ठेवलं. नवीन बसवलं. टेस्ट केली. पाण्यात थेंब टाकला आणि असा निळा रंग आला की मी श्वेताच्या परवानगीने फोटो काढून घेतला. तिने तिथेच हात धुतले, फेस कोपरापर्यंत आला. "काका, तुम्ही देव आहात," ती म्हणाली. मी नको नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत.

"प्रकाश, ये."

"काय झालं काकू? लीकेज?"

"रोटी फाटून राहिली."

मी म्हटलं, "काकू, मी पाण्याचा माणूस आहे."

"मंग पाण्याचंच सांगून राहिली मी. ये."

इथे प्रकरण गंभीर होतं, आणि का ते सांगतो. येत्या रविवारी काकूंच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं साक्षगंध होतं. साक्षगंध म्हणजे पश्चिमेकडे ज्याला साखरपुडा म्हणतात तो. मुलाकडचे अमरावतीचे. बोलणी झाली तेव्हा मुलाच्या आत्याने विचारलं होतं, कॅटरर कोण. काकू भर बैठकीत म्हणाल्या होत्या, "रोटी माझ्या हातची राहीन. कॅटरर फक्त रस्सा करीन." आत्या म्हणाली होती, "आमच्याकडे पण होते म्हटलं लांब रोटी. पाहू तुमची." त्या 'पाहू'मुळे काकू गेला महिना नीट झोपल्या नव्हत्या. आणि आता रोटी फाटल्याचं ऐकून बहिणीचा निरोप आला होता की जमत नसेल तर कॅटरर तंदुरी नान लावायला तयार आहे.

मी पोचलो तेव्हा अंगणात शोककळा होती. परातीत कणीक होती, गोळ्याच्या आकाराला नकार देणारी. काकूंनी माझ्यासमोर एक गोळा उचलला, झेलला, हातांवर घेतला. मनगटापर्यंत आला, थोडा पुढे गेला, आणि मधोमध भसकन फाटला. उरलेला चिकटून हाताला लोंबत राहिला. काकूंनी तो माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"हे काय आहे?"

"पीठ बदललं का?"

"नाही."

"गिरणी?"

"तीच."

"मीठ जास्त?"

"प्रकाश, तू मले रोटी शिकवतं का?"

मी किट काढली. पाणी घेतलं, थेंब टाकला. निळंशार. मी ती बाटली अभिमानाने काकूंना दाखवली. "काकू, पाणी एकदम परफेक्ट आहे. पाहा, निळं."

"निळं आहे," काकू म्हणाल्या. "मंग अमरावतीवाल्यायले निळं पाणी वाढू का रोटीच्या जागी?"

काका खुर्चीवर बसले होते. या सगळ्यात त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं, ते त्यांनी लपवलं नव्हतं. "मी म्हटलं होतं. माझ्या मशीनचं पाणी वेगळं होतं. त्या पाण्याने रोटीले तार येत होती. हे ऑटोमॅटिक पाणी आहे, याच्यात जीवच नाही."

माझ्या डोक्यात ट्यूबलाइट दोनदा फडफडून पेटली.

काकांच्या मशीनचं पाणी. म्हणजे रिकाम्या भांड्यातून आलेलं पाणी. म्हणजे बोअरचं, जसंच्या तसं, जड पाणी. इतकी वर्षं काकूंची रोटी जड पाण्यात भिजत होती. आणि मला कळमेश्वरच्या दिवसांतली एक गोष्ट आठवली. आमच्या शेजारी एक बेकरीचा कारखाना होता. त्यांचा माणूस आमच्याकडे सॉफ्टनरचं पाणी नको म्हणून भांडायला यायचा. जड पाण्यातल्या त्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने कणकेला ताण येतो, ती ओढ सहन करते. एकदम मऊ पाण्यात कणीक ढिली, चिकट होते. पोळीला चालून जातं, लाटून भागतं. पण जी रोटी फक्त हातावर लोंबून मोठी व्हायची, ती फाटणारच. मी श्वेताच्या केसांचं पाणी काकूंच्या परातीत ओतलं होतं.

"काकू, एक बादली पाणी आणतो. त्याने भिजवून पाहा."

"कोणतं पाणी?"

"आहे एक," मी म्हटलं. मला अशा वेळी थोडं रहस्य ठेवायला आवडतं. मी बोअरच्या मोटरीजवळच्या तोटीतून, मशीनच्या आधीच, बादली भरून आणली.

काकूंनी पीठ भिजवलं. आपटलं. ओला कपडा टाकून ठेवलं. तोवर श्वेताने चहा केला, कालच्या मानाने तो अमृत होता. मग काकूंनी गोळा घेतला. आम्ही तिघंही पुढे सरकलो. झेलला. मनगट. अर्धा हात. कोपर. काकूंनी हात किंचित हलवला आणि ती रोटी खाली आली, पातळ, अख्खी, इतकी की पलीकडून मला गुलाबाच्या कुंड्या दिसत होत्या. मडक्यावर टाकली. फुगे आले.

काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. एवढंच. महिन्याची झोप तिथे परत आली असावी.

"हे पाणी कुठलं?" श्वेताने विचारलं.

"बोअरचं. थेट."

"मशीनमधून न गेलेलं?"

"न गेलेलं."

पुण्याची मुलगी, डोकं तेज. तिने दोन आणि दोन मांडले. "पण काका, आई आधी जुन्या मशीनच्या पाण्याने रोटी करायच्या. तेव्हा चांगली व्हायची. मग जुनं मशीन पाण्याचं नेमकं करत काय होतं?"

युनूसभाई तिथे नसल्याबद्दल मी देवाला धन्यवाद दिले. काका गुलाबांकडे पाहत होते. काकूंनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं, जे आधीच आत होतं.

"ते," मी म्हटलं, "पाण्याचा प्रवाह संथ करत होतं."

"म्हणजे?"

"टेक्निकल आहे," मी म्हटलं. "ताई, तुमचे केस कसे आहेत आज?"

तिने केसांवरून हात फिरवला आणि विषय तिथे संपला. धंद्यात एवढं तरी यावं लागतं.

उपाय सोपा होता. बायपास. म्हणजे नव्या मशीनला वळसा घालून एक वेगळी लाईन. बाथरूम, गिझर, वॉशिंग मशीन नव्या मशीनवर. अंगणातला चुलीजवळचा नळ थेट बोअरवर. काकूंना जड पाणी, श्वेताला मऊ. मी शनिवारी पाइप आणि टी-आकाराचे जोड घेऊन एकटाच आलो. काकू बहिणीकडे भांडी पोचवायला गेल्या होत्या, श्वेता कॉम्प्युटरवर मीटिंगमध्ये. काका खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"प्रकाश."

"बोला काका."

"परवा उलटं केलं तेव्हा गोटेच निघाले ना?"

माझ्या हातातला पाइप तसाच राहिला.

"बाकीचं तिकडे आहे," काका म्हणाले आणि हनुवटीने गुलाबाच्या कुंड्या दाखवल्या. "कधीचंच. मी मातीत कालवून टाकलं. चिमण्या टिपत होत्या, म्हटलं काही होईन त्यायले."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मले दिसत नाही का गा? विजेच्या खात्यात होतो, आंधळ्याच्या नाही."

"मग दर रविवारी कशाला बसत होता?"

काकांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं, मग फाटकाकडे, आणि खुर्ची आणखी जवळ ओढली. "रविवारी तुझ्या काकूची ऑर्डर राहते. चूल फुका, लाकूड आणा, पीठ चाळा, मडकं पुसा, अन वरून ऐका. रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने केलं मी. साहेबाच्या हाताखाली एवढं ऐकलं नाही. मंग हे मशीन आलं. बॅकवॉश चालू आहे म्हटलं की माणूस उठवता येत नाही. टेक्निकल आहे." त्यांनी तो शब्द माझ्याकडे पाहून वापरला. "आता हे तुझं नवीन, स्वतःच करते म्हणते. उद्यापासून मी चुलीजवळ. तू माझ्या घरातली वीज कापली बाबू."

मी पाइप खाली ठेवला. काकांनी कोपऱ्यातल्या जुन्या भांड्याकडे बोट दाखवलं.

"एक काम कर. ते जुनं भांडं या बाहेरच्या लाईनवर जोडून दे. पाण्याले काही होत नाही, तूच म्हणतं, प्रवाह संथ होते. फक्त तिले नको सांगू."

आता पाहा माझी पंचाईत. रिकामं मशीन, माहीत असून, बसवून द्यायचं. माझं नाव आहे धंद्यात. मी म्हटलं, मला घरच्या मालकिणीला विचारावं लागेल, लाईन तिच्या चुलीची आहे. काकांनी कपाळाला हात लावला.

काकू परत आल्या तेव्हा काका मुद्दाम गल्लीत फिरायला निघून गेले. मी शब्द जुळवत होतो. काकू, ते जुनं भांडं आहे, काकांचा लळा आहे, म्हणून मी म्हणत होतो की...

"लावून दे," काकू म्हणाल्या.

"पण काकू, तुम्हाला एक सांगायला हवं. त्यात तसं काही..."

"नाही आहे. मले माहीत आहे. कुंड्याइतलं तण कोण काढते? मी. हाताले लागतात ना ते पिवळे दाणे." त्यांनी पदर खोचला आणि परात पुढे ओढली. "बाबू, तू त्यायले चुलीजवळ बसलेलं पाहिलं नाही. लाकूड घालते ते ओलं. पीठ चाळते अन अर्धं दुपट्ट्याले. अन सल्ले देते. रोटी हातावर असली की म्हणते, डावीकडून जाड आहे वं. दोन महिने सोसलं मी. मंग तो मशीनवाला आला तेव्हा मीच त्याले म्हटलं, हाताने चालवायचं दे, वेळ लागणारं दे."

मी बसकण मारली.

"त्या दिवशी तू म्हटलं, रविवारी कोणी लागत नाही. माझा जीवच गेला. तुले काळजी पाण्याने फाटलेल्या रोटीची. मले वाटलं, उद्या हे माझ्या बाजूले बसतीन अन सगळ्याच फाटतीन." मग त्यांनी आवाज खाली आणला. "लावून दे. पण त्यायले नको सांगू."

रविवारी मला साक्षगंधाचं जेवण होतं. मी जरा लवकरच निघून आधी काकूंच्या घरी पोचलो, खरं सांगायचं तर पाइपाचा जोड पाहायला. अंगणाच्या एका टोकाला काकू, शेजारच्या दोन बायका मदतीला, पालथ्या मडक्यावर रोटी पडत होती, आणि घडी घालून टोपल्यात जात होती. मुलाची अमरावतीची आत्या रोटी पाहायला मुद्दाम इथे आली होती आणि कोपऱ्यात उभी राहून पाहत होती. तिने एक रोटी उचलली, दोन्ही हातांनी उजेडाकडे धरली, आणि खाली ठेवली. मग विचारलं, "पीठ कोणतं वापरता?"

"पिठाचं काही नाही," काकू म्हणाल्या. "पाण्याचं आहे."

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला डोक्याला दुपट्टा बांधून, गमबूट घालून, पान्हा हातात घेऊन काका उभे होते. त्यांनी मूठ फिरवली.

"बॅकवॉश चालू. कोणी आवाज देऊ नका."

"कोणी देत नाही," काकू मडक्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

श्वेता केस मोकळे सोडून आली. केस खरंच छान दिसत होते. तिने मला हळूच विचारलं, "काका, जुनं मशीन परत का लावलं?" मी म्हटलं, प्रवाह संथ करायला. ती काही वेळ सासू-सासऱ्यांकडे पाहत राहिली, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मग म्हणाली, "अच्छा." पुढे काही विचारलं नाही. मी म्हटलं ना, डोकं तेज.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. कुठेही जुनं मशीन काढायला गेलो की पाण्याची टेस्ट नंतर करतो. आधी विचारतो, घरात कणीक कोण भिजवतं, आणि रविवारी हे मशीन कोण चालवतं. दोन्ही उत्तरं मिळेपर्यंत पान्हा पिशवीतून काढत नाही.